आधीच घेतलेलं नाव

दातांच्या दवाखान्यात शिंपीणबाई फोनवर बहिणीला नव्या दुकानाचं नाव सांगणार, इतक्यात शेजारच्या बाकावरचं बोलणं कानावर पडलं. एक होणारे सासरे आपल्या होणाऱ्या जावयाला खोदून खोदून विचारत होते.

“म्हणजे तुम्ही करता तरी काय?”

“वेबसाइटची नावं घेऊन ठेवतो, काका. लोकांना सुचायच्या आधीच.”

“आणि त्यांना सुचलं की?”

“माझ्याकडे यावं लागतं, विकत घ्यायला.”

“म्हणजे दुसऱ्याच्या पाळण्यात आधी तुम्हीच जाऊन झोपायचं!”

“रीतसर नोंदणी असते हो. चोरी नाही.”

“चोरी मी कुठं म्हणालो? पण नावं कळतात कशी?”

“कान उघडे ठेवायचे. लोक कुठंही मोठ्यानं बोलतात.”

“बरं. आमच्या मुलीची ओळख कुठली?”

“तिला गाण्याची वेबसाइट काढायची होती, स्वतःच्या नावाची. ते नाव माझ्याकडे निघालं.”

“तुमच्याकडे? कधीपासून?”

“तीन वर्षं झाली. एका स्पर्धेत तिचं गाणं ऐकलं होतं, तेव्हाच घेऊन ठेवलं.”

“मग दिलंत की नाही तिला?”

“देणार ना. लग्न झालं की लगेच.”

सासरे बाकावर हातभर लांब सरकून बसले. फोनमधून बहीण ओरडत होती, “अगं, नाव सांग ना!”

“घरी ये,” शिंपीणबाई पुटपुटल्या. “कागदावर लिहून दाखवते.”