ऊन लागेपर्यंत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सामाईक जंगलाचे कारभारी माननीय फिदेंसिओ मोन्रॉय. धापा टाकत का होईना, पण वेळेवर डोंगर चढून आलेले आपले फादर. व्यासपीठावर, म्हणजे या जोडलेल्या बाकांवर, संकोचून बसलेल्या आपल्या शाळेच्या हर्मेलिंडा सोलाचेबाई. आणि समोर जमलेल्या माझ्या गावकऱ्यांनो, आयाबायांनो आणि उरलेल्या नऊ मुलांनो,

मी एरास्तो गार्दुन्यो, पालक समितीचा प्रमुख. शाळाच उठली तर समिती कसली आणि प्रमुख कसला? पण आजच्या दिवस पद आहे, तोवर बोलून घेतो. एरवी मी पर्यटकांना घोड्यावर बसवून फुलपाखरांच्या जंगलात नेतो, तेव्हा बोलायची सवय आहे; खरं बोलायची तेवढी नाही. हसा, हसा. पुढे हसू येईल की नाही, सांगता येत नाही.

नऊ मुलांसाठी शाळा परवडत नाही, असा वरून हुकूम आला. आपण अर्ज केले, खाली जाऊन धरणं धरलं. काय झालं? कपाळ झालं. उद्याच्या गाडीने बाई जातील. दर हिवाळ्यात फुलपाखरं कमी येतात, आणि दर पावसाळ्यानंतर, ती ज्यांवर लटकतात त्या ओयामेलच्या झाडांचे तोडलेले बुंधे तेवढे उरतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे, मी उगाळत बसत नाही.

बाई नव्या होत्या तेव्हा त्यांनी वर्गात विचारलं, "आपल्या या मोनार्क फुलपाखराचा सुरवंट कुणी कुणी पाहिलाय?" एक हात वर झाला नाही. मी सरपण टाकायला आलो होतो, दारात उभा. माझाही नाही! ज्यांच्या जिवावर आपण अर्धं वर्ष जेवतो, त्यांचं बाळपण या गावात कुणी बघितलेलं नव्हतं. ती इथे येतात, गारठ्यात फांद्यांना लटकतात आणि वसंत आला की उत्तरेला उडून जातात. अंडी घालायची ती वाटेत, परमुलखात.

मग बाईंनी भिंतीवर नकाशा लावला. मार्चमध्ये फुलपाखरं निघाली की वाटेवरच्या शाळांतली मुलं कळवायची, आज आमच्याकडे दिसली, आज आमच्याकडे. आपली मुलं तिथे तिथे शेंदरी कागद चिकटवायची.

त्यातल्याच एका मार्चमध्ये माझी बायको ओतिलिया कामासाठी उत्तरेला, सरहद्दीपलीकडे निघाली. तिचे फोनही त्याच वाटेवरून यायचे. आमची सेनाईदा तेव्हा पहिलीत होती. कागद चिकटवता चिकटवता ओरडायची, "पप्पा, आई फुलपाखरांच्या पुढे गेली!" मोंटेरेहून फोन आला. मग सरहद्दीच्या नदीअलीकडून आला. त्यानंतर आला नाही.

बाईंनी वर्गात खरं तेच शिकवलं. इथून गेलेलं फुलपाखरू परत येत नाही. ते वाटेत अंडी घालतं आणि मरतं. हिवाळ्यात येतात ती त्याची पतवंडं. अर्ध्या वर्गाचे आईबाप उत्तरेला. मला राग आला. मी म्हणालो, "बाई, हे पोरांना सांगायची काय गरज होती?" बाई म्हणाल्या, "एरास्तो, मी नाही सांगितलं तर कोण सांगणार? तुम्ही?" मी सरपण रचायला लागलो.

पुढच्या वर्षी बाईंनी त्यांच्या गरम मुलखातून तेलाच्या डब्यात चिकाचं झाड आणलं, मोनार्कचे सुरवंट ज्याची पानं खातात ते, पानांवर सुरवंटांसकट. बसभर लोक नावं ठेवत होते म्हणे. अख्खं गाव बघायला लोटलं. कोष झाले, हिरवेगार, वर सोन्याचे ठिपके. बाकीच्यांतून फुलपाखरं निघाली. एक कोष मात्र थंडीच्या रात्री काळा पडला.

बाई तो काढून टाकणार, तर सेनाईदा आडवी आली. "बाई, ऊन लागू दे ना." आपल्या गावचा नियमच आहे तो. जमिनीवर पडलेलं फुलपाखरू ऊन लागेपर्यंत मेलं म्हणायचं नाही, पाय द्यायचा नाही. मीच शिकवला होता तिला. बाईंनी कोष बरणीत घालून खिडकीत ठेवला. तो तिथेच राहिला.

फादर, तुम्ही मला दरवर्षी विचारलंत, "एरास्तो, ओतिलियाच्या आत्म्यासाठी मिस्सा, प्रार्थना, कधी?" आणि मी दरवर्षी म्हणालो, "पोरगी अजून वाट बघते हो. तिचं मन कसं मोडू?" म्हणालो की नाही?

परवा वर्ग आवरायला आम्ही आलो. नकाशा उतरवला. बाईंनी बरणी हातात घेतली आणि विचारलं, "सेनाईदा, हिचं काय करायचं?" मी घाईने म्हणालो, "घरी नेऊ. आमच्या खिडकीत ऊन चांगलं येतं."

पोरीने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "पप्पा, तो पहिल्याच आठवड्यात मेला होता. मला माहीत होतं."

"मग ठेवलास कशाला गं?"

"तुम्ही सरपण टाकायला आलात की रोज आधी खिडकीत बघायचात. म्हणून ठेवला."

बाईंना माहीत होतं. वर्गातल्या सगळ्या मुलांना माहीत होतं. तुम्हालाही असणार, तुमच्या माना खाली गेल्यात त्यावरून दिसतंय. खोटं न बोलणाऱ्या बाई त्या खिडकीबद्दल तेवढ्या माझ्यापुढे गप्प राहिल्या. बाई, याबद्दल तुमचे आभार मानायचे की भांडायचं, ते मला अजून उमगलेलं नाही.

फादर धापा टाकत आलेत ते नुसत्या भाषणांसाठी नाही. हा कार्यक्रम संपला की चॅपेलमध्ये मिस्सा आहे, ओतिलियासाठी. पुरायला काही नाही, कबरही नाही. बाई इथे असतानाच व्हावी, असं सेनाईदाने सांगितलं.

अध्यक्षमहाराज, पाहुणेमंडळी, बाकं वाहणारे, मांडव घालणारे, सर्वांचा मी ऋणी आहे. आमच्या बायकांनी पहाटेपासून मोलेचा तिखट रस्सा रांधलाय. तो आपल्याकडे आनंदालाही तोच आणि मयतालाही तोच, तेव्हा वेगळं काही शिजवावं लागलं नाही. सगळ्यांनी जेवूनच जायचं. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. बरणी मी धुऊन आणली आहे, बाई; ती शाळेची होती.