माझा पाय आन ह्यांची पाठ

मी मूळची कऱ्हाटीची, बारामती तालुक्यातली. आईच्या पोटातनं आधी पाय आलं माझं, मंग डोकं, म्हणून मी पायाळू. आता तुमी शिकलेली माणसं, तुमाला ठावं हाय का न्हाय, पण आमच्याकडं कुणाच्या पाठीत उसण भरली, चमक निघाली, वाकता येईना का उठता येईना, की पायाळू माणूस हुडकायचा. सकाळी चहाच्या आधी पालथं पडायचं, आन पायाळूनं डाव्या पायाची टाच तीनदा पाठीवर टेकवायची, दाबून. झालं. आमच्या दादांना, म्हणजे वडलांना, ह्ये अजिबात पटायचं न्हाय. आज्यानं दीक्षा घेतली तवापासनं घरातनं देवदेव, उतारे सगळं गेल्यालं, बुद्धवंदना म्हणणारी माणसं आमी, आन पोरीच्या टाचेत काय औषध हाय व्हय, म्हणायचं.

पण एक दिवस काय झालं, वरच्या आळीचं एक तात्या आलं, मोठं बागायतदार. मी आठ-नऊ वर्षांची आसंन. दोघांच्या खांद्यावर हात टाकून, वाकडं झाल्यालं, घामानं डबडबल्यालं. त्यांच्या घरातलं कुणी आमच्या घरचं पाणी पीत नव्हतं तवा, काय सांगू तुमाला, आमच्या अंगणात पाय ठेवायचं लांबच. आन त्ये तात्या आमच्या अंगणात, आमच्याच गोधडीवर, पालथं पडलं की वो! मी भ्यालेली. दादा म्हणालं, ठेव पोरी पाय, भिऊ नगंस. ठेवला. तीनदा ठेवला. तात्या हळूहळू उठलं, जरा थांबलं, ताठ झालं, आन म्हणालं, चहा हाय का गं पोरी? आईनं कपबशी तीनदा धुतली तवा. ते गेल्यावर दादा म्हणालं, तुझ्या पायात काय न्हाय बग, पण तात्या आज आपल्या घरचा चहा पिऊन गेलं, ते मी मरस्तवर इसरायचो न्हाय. त्या दिवसापासनं माझा पाय माझा राह्यला न्हाय, सगळ्या गावाचा झाला. कुणी मोरगावावनं एस्टीनं यायचं, कुणी बैलगाडीत निजून. मी परकरातली पोर, पण मान होता मला. लई चांगलं दिवस होतं ते, अजून डोळ्यापुढं येत्यात.

लगीन होऊन इंदापूरकडं आले, लोणी देवकरजवळ. हे कारखान्यात, पोती उचलायची, गाडी भरायची. हितंबी माणसं यायला लागली, आन हे हसत सगळ्यांना सांगायचं, तुमाला वर्षातनं एकदा लाथ, मला रोज हाय. आसं आमचं चाललेलं, तीस वर्षं.

मंग दोन वर्षांमागं ह्यांचीच पाठ धरली. मी पाय लावला, दोन दिसात बरं वाटलं. पुन्हा धरली, आन ह्या वेळी कळ कमरेतनं निघून कुल्ल्यातनं, पोटरीतनं टाचंपतूर जायला लागली. मी रोज सकाळी पाय लावायची, जोर देऊन लावायची, आन विचारायची, कसं वाटतंय? हे म्हणायचं, बरंय की, आज लई हलकं वाटतंय. महिनाभर आसं. आन एक दिवस आमची सुजाता आली, लेक माझी, बारामतीत मास्तरीण हाय. उन्हाचं हे अंगणातनं चाललेलं, उजव्या पायातली चप्पल मागंच राह्यली, आन ह्यांना पत्ताच न्हाय! तापल्या फरशीवर तसंच चालत गेलं. सुजाता वरडली, आबा, चप्पल! हे खाली बघायला लागलं.

सुजाता म्हणाली, बारामतीत एक डॉक्टरीण बसती, हातानं मणकं दाबून मोकळं करती, कायरो का काय म्हणत्यात त्याला, माझ्या जिभंला यीत न्हाय. मला रागच आला. म्हणलं, तिचा हात आन माझा पाय, फरक काय गं? पण गेले संगं, म्हणलं बघू तरी काय येतंय तिला.

पोरगीच होती, सुजाताच्याच वयाची. तिनं सगळं ऐकून घेतलं, ह्यांना टाचंवर चालायला लावलं, तर उजवा पाय फतक फतक पडायला लागला, अंगठा वर उचलंना. लघवीला तरास होतो का, तेबी विचारलं. मंग म्हणाली, पाठ कुणी दाबत होतं का? हे म्हणालं, कुणीच न्हाय. मी म्हणलं, मी दाबत होते. माझ्या पायानं. मला वाटलं आता हासंल न्हाय तर झापंल. तिनं दोन्ही न्हाय केलं. म्हणाली, मावशी, नुसती उसण असती तर तुमच्या पायानंबी बरं वाटलं असतं आन माझ्या हातानंबी, पुष्कळदा ती आपोआपबी जाती. पण ही नस दबलीया, अंगठ्यातली ताकद चाललीया. आता ह्या पाठीला मी हात लावणार न्हाय, कुणालाच लावू देऊ नका, आजच्या आज मणक्याच्या डॉक्टरकडं जावा. आन स्वतःच फोन लावला तिनं.

जिचं कामच दाबायचं, ती म्हणती दाबणार न्हाय. आन मी उभ्या जल्मात कुणाला न्हाय म्हणलं नव्हतं.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणालं, उशीर झालाय, पण अजून हाताबाहिर गेलं न्हाय. मी दवाखान्याच्या बाकड्यावर बसून रडले, मीच पांगळं केलं ह्यांना म्हणून. शुद्धीवर आल्यावर ह्यांना विचारलं, बरं वाटतंय आसं खोटं का बोलत होता वो? तर म्हणालं, तू पदर खोचून पाय उचलायचीस, तवा कशी कऱ्हाटीची ती पोर व्हायचीस. तुला न्हाय कसं म्हणू?

तुमी विचारताय, त्या डॉक्टरणीकडं जावं का. जावं की. मानंला आखडलं तर हे अजून जात्यात तिच्याकडं, मोकळं होतं. पण आधी तपासून बघणाऱ्याकडंच जावं, आल्या आल्या मणकं मोडणाऱ्याकडं न्हाय. माझ्याकडं आता कोण यीत न्हाय फारसं. आलं तर मी पयलं विचारते, मुंग्या येत्यात का, पाय बधिर होतो का. व्हय म्हणलं की पाठवून देते. रागावून जात्यात माणसं, जाऊ देत, त्यांचं पाय शाबूत राहू देत.

ह्यांचा पाय आला बराचसा, अंगठा तेवढा राह्यलाय. रोज सकाळी मी बाजंवर बसते, त्यांचा पाय मांडीवर घेते, आन हे डोळं मिटून अंगठा उचलायला बघत्यात. मंग विचारत्यात, हलला का गं? आता खोटं बोलायचं न्हाय आसं ठरलंय आमचं. मी म्हणते, न्हाय वो, आज न्हाय हलला.

बरं, म्हणत्यात, उद्या बघू.