पहिली पसंती

— नाही मॅडम, तुम्ही परत तेच सांगताय. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की घ्यायलाच लागतं, नाहीतर पुढच्या फेऱ्यांमधून बाहेर. ठाऊक आहे मला, तीनदा ऐकलं. पण गंधालीची पहिली पसंती तुमचं कॉलेज नव्हतंच ना! शहाण्णव टक्के आहेत तिला, शहाण्णव! तिला पार्ल्याला सायन्सला जायचं होतं. इथे माझ्यासारख्या येतात — रागावू नका हां, फाटक्या तोंडाची आहे मी. मढला आमच्याकडे सगळेच असे, आई मासळी विकते, तिचा आवाज जेटीपर्यंत जातो. माझी मैत्रीण असून गंधाली तशी नाही. कुणी तिचा डबा खाल्ला तरी गप्प. मग भांडायला कोण? मी! आणि मी गणितात लटकू नये म्हणून दहावीभर रोज शाळा सुटल्यावर थांबायची ती, एकदासुद्धा वैतागली नाही.

फॉर्म कुणी भरला? तिनेच — म्हणजे मोबाइल माझा होता. तिच्याकडे कुठे मोबाइल! पासवर्डपण तिने मलाच दिलेला, डोळे मिटून. तर मी — हो, मीच. पार्लं खाली सरकवलं, हे वर घेतलं. झालं समाधान? का म्हणजे काय? एकटी पडले असते ना यार! बोलते मोठ्याने, पण आतून टरकते मी. तिच्याशिवाय मला कोण विचारणार इथे?

आणि ती बघा — घरी सांगितलं, माझ्याच हातून चुकलं. तिचे बाबा दोन दिवस बोलत नाहीयेत तिच्याशी. माझं नाव नाही काढलं तिने. मला म्हणाली, "कल्पी, एकदा तरी गप्प बस गं." कशी बसू? झोप येत नाही मला, जेवण जात नाही. हात जोडते मॅडम, लिहून घ्या — कल्पिता तुळशीदास कोळी, मी तिला फसवलं. माझा प्रवेश रद्द करा, पोलिसांत द्या, काहीही करा, पण तिला सोडवा. तिने अजून प्रवेश पक्का केलेला नाही ना, पाच वाजेपर्यंत वेळ आहे —

काय? आज सकाळीच पक्का करून गेली? बाबांना घेऊन?

खोटं. दाखवा. दाखवा ना मॅडम, पाया पडते.

हो... सही तिचीच आहे. "हे कॉलेज मी स्वतःच्या मर्जीने निवडले आहे." आणि खाली हे काय — "कल्पिता कोळी हिच्याच तुकडीत मला बसवावे, ही विनंती."

नाही. मला काही नाही बोलायचं. पुढच्याला बोलवा.