जरा पोट बघू का, ताई?

—न्हाई न्हाई, पालथं नका निजवू पोरीला. हितं बाजंवर बसवा, पाठीला उशी देते. सायेब गाडीत पानी घालत्यात तवर टेकू द्या जरा. ओकली व्हय? वरच्या वळनावर? ताम्हिणीचा घाट हाय ह्यो, मोठ्या मान्सालाबी सोडत न्हाई — माज्या ढाब्यावर रोज कोन ना कोन तोंड धुवाया थांबतंच. आलं-साखर देते, बसंल पोट. घाटाचंच असनार. घाटाचंच — ताप न्हाई ना पन? मागल्या म्हयन्यातबी न्हाई? घरात कोनाला सर्दी, खोकला? न्हाई, आपलं इचारते. वर बघ बाळा, डोळं बघू. जीभ काढ. हां. तुमी घाबरू नका ताई, मी काय डाक्टर न्हाई, भाकऱ्या थापनारी बाई मी, सगुणाबाई. पन आमच्या नातीचंबी असंच पोटावरनं सुरू झालं, म्हनून...

बसा की तुमी. मी बसत न्हाई, मला उभ्यानंच बरं वाटतं. म्हंजी काय झालं — करोनाची दुसरी लाट आली तवा आमच्या घरात समद्यांनाच झाला. मला, माज्या किशोरला, सुनंला — वैष्णवी तिचं नाव, मला आत्या म्हनती. नात अपेक्षा, सात वर्साची, तिला काय — एक दिस अंग कोंबट लागलं, दुसऱ्या दिशी अंगनात लंगडी खेळाय लागली. म्हनलं, पोरीला देवानं राखलं. गेला रोग, आमी इसरलोबी. आन् म्हयन्याभरानं एक दिस ताट सरकवून म्हनती, आज्जी, पोट दुखतंय. मी ओवा दिला, दिष्ट काढली, बेंबीला हिंग लावला — कोन न्हाई करत? मग ताप. औषीद दिलं की उतरायचा, की परत चढायचा. वांत्या, जुलाब. पौडच्या डाक्टरानं सलाईन लावलं, म्हनला पोटात इन्फेक्शन हाय — त्याचंबी काय चुकलं, पोरांचं तसंच असतंय की — पन दुसऱ्या दिशी पोट असं ताठलं, ढोलकीगत, हात लावू देईना, पाय पोटाशी घिऊन नुस्ती कन्हायची. तवा गाडी केली आन् पुन्याला पळालो.

तितं सोनोग्राफी झाली. आतडी सुजल्यात म्हनले, आतल्या गाठी सुजल्यात, पोटात पानी हाय, अपेंडिक्स असंल — ऑपरेशन करावं लागंल. पोरीला आत न्यायला मान्संबी आली. आन् तवा एक पोरांची डाक्टरीन आली, आमच्या वैष्णवीएवढीच आसंल, ती पोटाकडं बघंचना! डोळं बघतीया, व्हट बघतीया. डोळं लालभडक, पन चिपडं न्हाईत. व्हट मिरचीवानी, तडकल्यालं. तळहातावर पुरळ. म्हनली, मागं करोना झालता का? मी म्हनलं, आमाला झालता, पोरीला न्हाई. तशी वैष्णवी पुढं आली — 'न्हाई आत्या, तिचंबी एक दिस अंग तापलं हुतं.' बास, तेवढंच बोलली बघा. तेवढ्यावर समदं फिरलं. रक्त काढलं, काळजाची सोनोग्राफी केली — तेबी दमल्यालं. सर्जन सोताच म्हनला, थांबा, पोट नका उघडू हिचं. तवा आत नेली आसती तर — जाऊ द्या, न्हाई ना नेली.

डाक्टरनीनं लई समजावलं, माज्या डोस्क्यात ते असं बसलं — करोनाचा चोर कवाच पळून गेला, पन गावची राखन काय गप बसंना, काठ्या हानतच सुटली, आन् हानती कोनाला? आपल्याच घरच्यांना! आतड्यांना, काळजाला. मग त्या राखनीला निजवायचं औषीद, शिरंतनं, बाटल्या लावून, आन् संगं स्टेरॉईड. आत एकालाच सोडायचे. वैष्णवी आत, मी भाईर बाकड्यावर. बसवत न्हवतं, उभं ऱ्हावत न्हवतं, दार वाजलं की म्होरं जाऊन फटीतनं बघायची. आन् एका सकाळी वैष्णवी भाईर आली, हसतीया का रडतीया कळंना — 'आत्या, तिनं पेज मागितली.'

वाचली. व्हय, वाचली, घोड्यागत पळतीया आता. — कुटं हाय म्हंता? भुकूमला, आईबापासंगं. किशोरला तिकडं काम हाय, खोली घेतलीया. शाळंसाठी गेल्यात, शाळा चांगली हाय तिकडली. — हां, सुट्टी... व्हय की, तिलाबी असंल सुट्टी. तुमच्या पोरीला हाय म्हनल्यावर तिलाबी असनारच.

न्हाई आली. येत न्हाई ती.

काय हाय ताई, घरी आनली तवा पोट नाजूकच हुतं. जेवली की कळ यायची, मधीच पातळ व्हायचं. डाक्टरीन म्हनली आतड्यांना येळ लागंल, हलकं द्या. मी दिलं, मऊ भात, ताक. रोज उठली की पोट दाबून बघायची, निजताना परत. डोळं. जीभ. संडासला गेली की मागनं जाऊन बघायची — हसू नका, बघायची मी. मग तपासनीत काळीज बरं निघालं, आतडी बरी निघाली. आता समदं खाऊ द्या म्हनली डाक्टरीन, खेळू द्या. तिचं काय जातंय म्हनायला! मी आंबा बंद ठिवला, तिखाट बंद, लगनाचं जेवान बंद. तर एकदा पोरींसंगं जाऊन कच्ची करवंदं खाल्ली तिनं, पोट दुखाय लागलं, आन् ही कुटं गेली आसंल? गोठ्यात, वैरनीच्या आड. एकटीच बसल्याली, फ्रॉकचं टोक तोंडात कोंबून, आवाज भाईर जाऊ नये म्हनून. वैष्णवीनं हुडकली. का गं सांगितलं न्हाईस? तर म्हनती, 'आज्जीला कळंल.'

करवंदांचंच हुतं, सांजंला बरीबी झाली. वैष्णवी भांडली न्हाई वो. भांडली आसती तर बरं झालं आसतं. भुकूमला जायाची पिशवी भरता भरता येवढंच म्हनली — 'आत्या, पोरगी बरी झाली. तुमी कवा व्हनार?'

मी काय आजारी हाय?

काय म्हंती ती? भजी? कांद्याची भजी पायजे? बघा, भूक लागली म्हंजी घाटाचंच! मी म्हनलंच हुतं. कढई तापल्यालीच हाय, काढते गरम — थांबा, पन त्या आदी एकदा, येकदाच, जरा पोट बघू का, ताई? वरच्या वर. उजव्या अंगाला नुस्तं बोट लावते — हात काढ की बाळा. काढ. दोनी हात का धरलंस गं पोटावर? मी काय करतीया का तुला, मी आपली नुस्ती...

न्हाई. न्हाई दाबत. रडू नगं.

घ्या ताई, उचला तिला. गाडी सुरू केली सायबांनी. भजी बांधून देते — न्हाई, ऱ्हाऊ द्या, जावा तुमी. धुकं उतरतंय, दिवं लावून जावा. आन् हे बघा, ताप आला आन् दोन दिसात हटला न्हाई, तर—

काय न्हाई. जावा.