फक्त ‘थांबा’ लिहिलेला बोर्ड

मी, कुलूपवाल्या अण्णांची सून, वय ४४ वर्षे, धंदा कपड्यांना इस्त्री करणे, राहणार नव्या वसाहतीच्या शेवटच्या रस्त्यावर बसथांब्यासमोर, आज बुधवारी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, घराच्या पुढच्या खोलीत माझे इस्त्रीचे दुकान आहे. घरात मी, माझे पती (सुतारकाम करतात) आणि सासरे असे तिघे राहतो. समोरच्या थांब्यावरील बोर्ड चोरीस गेल्याची तक्रार आहे व त्याबद्दल मला विचारण्यात आले आहे. ते मी सांगते, पण अण्णांपासून सुरुवात केल्याशिवाय मला सांगता येणार नाही. लिहून घेणारे हवालदारसाहेब म्हणतात की हे विषयाला सोडून आहे. विषय हाच आहे.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. वय ७८. त्यांनी जन्मभर कुलपे दुरुस्त केली. चार वर्षांपासून त्यांना विसर पडतो. मला ते ताई म्हणतात आणि किल्ली कुठे हरवली ते विचारतात, म्हणजे मी त्यांची गिऱ्हाईक. जेवलेले विसरतात, मुलाला विसरतात, फक्त कुलूप विसरले नाहीत. ते घरातून निघून जायचे म्हणून आम्ही दाराला आतून कुलूप लावले. मग मोठे लावले, मग आकड्यांचे आणले. ते प्रत्येक कुलूप उघडायचे, त्यात तेल घालायचे, टेबलावर नीट ठेवायचे आणि चालू लागायचे. एकदा ते हमरस्त्याच्या मधोमध सापडले. आम्ही हात टेकले होते.

दोन वर्षांपूर्वी दारासमोर थांबा बांधला. छप्पर, स्टीलचा बाक, दिवा, सगळे झकास. बस मात्र नाही. चौकशी केली तेव्हा कळले की थांब्यांचा निधी वेगळा आणि बसचा वेगळा. थांब्यांचा आला होता आणि वर्ष संपण्याआधी खर्च करणे भाग होते. बसचा यायचा होता. थांब्याला नाव काय द्यायचे यावर शहराचे कार्यालय आणि महानगराचे कार्यालय भांडत होते, बाजारात तुरी म्हणतात तसे. त्यामुळे बोर्डावर नावाची जागा कोरी आणि खाली ठळक अक्षरांत एकच शब्द होता, ‘थांबा’.

बोर्ड लागला त्याच दिवशी अण्णा दार उघडून बाहेर पडले. मी मागे धावले. ते बोर्डासमोर उभे राहिले, त्यांनी वाचले आणि बाकावर बसले. मी म्हटले, “अण्णा, घरी चला.” ते म्हणाले, “अहो ताई, थांबा लिहिलंय ना? सांगितल्यावर थांबायला नको?” मी विचारले, “कुणाची वाट बघताय?” ते म्हणाले, “वाट नाही बघत. थांबलोय.”

तेव्हापासून आम्ही दाराला कुलूप लावले नाही. सकाळी चहा झाला की ते बाकावर, आणि मी खिडकीशी इस्त्री करत त्यांच्यावर नजर ठेवून. बस न येणाऱ्या थांब्याइतकी सुरक्षित जागा जगात नाही, असे मी शेजारणीला म्हणायचे. अंधार पडला की आम्ही दोघे त्यांना हाताला धरून आणायचो. मला त्या थांब्याचा लळा लागला होता, हेही लिहावे.

परवा सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास बस आली. मला आधी समजलेच नाही की ती बस आहे. नवी कोरी होती, आत कडक इस्त्रीचे सदरे घातलेली माणसे होती. दार उघडले. कोणीतरी अण्णांना हात दिला, “या, या आजोबा,” म्हणाले, आणि अण्णा चढले. मी ओरडत धावले. तेवढ्यात बस गेली. मागे एका गिऱ्हाइकाचा सदरा जळला, त्याची वेगळी तक्रार येईल.

त्याच संध्याकाळी मी याच ठाण्यात आले. मला सांगण्यात आले की आधी बस कोणती ते विचारून या. मंगळवारी मी वाहतूक कार्यालयात गेले. मार्ग विभागाचे म्हणणे पडले की आमच्या रस्त्यावर मार्ग नाही, म्हणून बस नाही, म्हणून तिच्यात कोणी चढू शकत नाही. थांबे विभागाचे म्हणणे पडले की माणूस बाकावर असेपर्यंतच तो त्यांचा. मी त्या दिवशीचे वर्तमानपत्र पुढे केले. त्यात अण्णांचा फोटो होता, खिडकीशी बसलेले, हसत. खाली लिहिले होते, ‘नव्या मार्गाला प्रवाशांचा प्रतिसाद’. मग मला निधी विभागात पाठवले.

तिथले साहेब उठून उभे राहिले. म्हणाले, “तुमच्या सासऱ्यांनी फार मोठं काम केलं. कर्ज देणारे पाहुणे आले होते. अख्ख्या मार्गावर एकाच थांब्यावर माणूस होता. म्हणून बसचे पैसे मंजूर झाले.” त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मला हसावे की रडावे कळेना. मी विचारले, “मग त्यांना परत का नाही आणलं?” ते म्हणाले, “बाई, ती फेरी नव्हती, चाचणी होती. फेरी परत येते. चाचणी संपते.” हे वाक्य मला अजूनही कळलेले नाही. हवालदारसाहेबांना कळले असल्यास त्यांनी सांगावे.

चाचणी शेवटच्या थांब्यावर संपली आणि अण्णांना तिथे उतरवले. मी आणि माझे पती तिथे गेलो. चारी बाजूंनी बांधकामे, मोकळे रस्ते. छप्पर होते, बाक होता. बोर्ड अजून लागला नव्हता, आणि अण्णाही नव्हते. माझे पती नुसत्या खांबाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “अगं, त्यांना थांबा म्हणून सांगणारं इथे कोणी नव्हतं.”

आमच्या समोरचा बोर्ड माझ्या पतीने मंगळवारी संध्याकाळी काढला. स्टूल मी धरले होते. तो आम्ही शेवटच्या थांब्यावर नेऊन लावला आणि रात्रभर तिथे बसलो. आज दुपारी अण्णा समोरच्या रस्त्याने आले. त्यांनी बोर्ड वाचला आणि आमच्या शेजारी बसले. मधल्या दोन रात्री ते कुठे होते, कोणी जेवू घातले, मला माहीत नाही आणि त्यांनाही नाही. त्यांच्या हातांना तेलाचा वास येत होता, म्हणजे कोणाचे तरी कुलूप दुरुस्त झाले आहे. मी त्यांचे हात धरून रडले. ते म्हणाले, “रडू नका ताई, सापडेल किल्ली.”

आज सकाळीच थांबे विभागाचे लोक मंजूर झालेल्या नावाचा बोर्ड लावण्यासाठी माप घ्यायला आले, तेव्हा जुना बोर्ड जागेवर नव्हता. शेजारणीने त्यांना आम्ही कुठे आहोत ते भोळेपणाने सांगितले. पोलिसांची गाडी शेवटच्या थांब्यावर आली. शिपायाने बोर्ड उतरवताच अण्णा उठले आणि चालू लागले. आम्ही थांबवत होतो, पण आमचे ऐकतात कुठे. शिपायाने बोर्ड गाडीत ठेवला, अक्षरे बाहेरच्या बाजूला. अण्णा वळले आणि आपण होऊन गाडीत जाऊन बसले. त्यांना कोणी अटक केलेली नाही.

आता माझे पती आतल्या खोलीत आहेत. बोर्ड मुद्देमाल म्हणून या खोलीत भिंतीला टेकवला आहे आणि अण्णा त्याच्यासमोरच्या बाकावर बसले आहेत. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. बस सुरू होणार, चांगले आहे, लोकांना हवीच आहे. शिक्षा द्यायची तर स्टूल धरल्याबद्दल मलाही द्यावी. फक्त आता रोज बस येणार, तेव्हा मी अण्णांना कुठे बसवायचे ते मला समजत नाही. नव्या बोर्डावर नुसते नाव असेल, असे ऐकले. नाव कोणतेही द्या. हा जुना बोर्ड मात्र काम झाल्यावर आम्हाला द्यावा, आम्ही तो घरात, दाराच्या आतल्या बाजूला लावू.

वरील मजकूर हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचायला उशीर झाला, कारण मध्येच अण्णा घरी जायला उठत होते आणि ‘थांबा’ हा शब्द आला की परत बसत होते. मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.