गॅरेजातली सत्तर सालची शेवेल

नाही हो, गारांना मी घाबरत नाही, गारांच्या बातमीला घाबरतो! टीव्हीवरची ती बाई नुसती म्हणाली ना, 'संध्याकाळी गारांची शक्यता', की मी ताटावरून उठून थेट गॅरेजात! गॅरेजला छप्पर आहे, दार बंद आहे, गाडीवर एक सुती खोळ, तिच्यावर फ्लॅनेलची, तिच्यावर सासूबाईंची जुनी रजई... आणि तरी मी आपला आढ्याकडे बघत उभा! स्वयंपाकघरातून बर्नाडीन, म्हणजे आमची बायको, ओरडते, "अरे वेंडेल, गारा काय कौलं फोडून आत येणार आहेत का?" आता हिला काय सांगायचं? यायचंच ठरवलं त्यांनी, तर कोण अडवणार? मी भित्रा नाही, तुम्हाला सांगतो! पण सत्तर सालची शेवेल गाडी एकदा घरात ठेवून बघा, मग बोला.

आणि हे सगळं कुणामुळे? लायलमुळे! लायल म्हणजे बर्नाडीनचा धाकटा भाऊ. मी कारखान्यातून निवृत्त झालो, एकतीस वर्षांचा पैसा एकदम हातात आला. बर्नाडीनचं ठरलेलं होतं... वर उत्तरेला तळ्याकाठी दोन खोल्यांचं लाकडी घर, पुढे पाण्यात धक्का, धक्क्यावर तिची खुर्ची. बास, एवढंच मागणं तिचं, लग्नापासूनचं! तर हा लायल माझ्याच घरी बसून, माझीच बिअर पीत, मला म्हणतो कसा, "दाजी, घराचं काय घेऊन बसलात? घर गळतं, शेअर गडगडतात, पण हे लोखंड? ऐका माझं! एवढं मोठं इंजिन, तेही जन्माचं, बदललेलं नाही! असल्या गाड्या आता होत नाहीत, आणि दरवर्षी कुणी ना कुणी एखादी झाडावर नेऊन आपटतो. म्हणजे उरलेल्यांचा भाव वर! दहा वर्षं कळ काढा, ताईला घर पण होईल आणि वर होडी पण!" मला त्या होडीनं मारलं हो. नाहीतर मी इतका खुळा नाही.

तर अकरा वर्षं कळ काढली! गाडी घ्यायची आणि चालवायची नाही, कारण मैल वाढला की भाव उतरतो. अकरा वर्षांत नऊ मैल चाललीय, त्यातला एक तर गॅरेजातल्या गॅरेजात, पुढे-मागे करून. ऑगस्टमध्ये सगळं गाव आपापल्या जुन्या गाड्या काढून वुडवर्ड रस्त्यावर धूर काढत फिरतं. आणि मी? मी फुटपाथवर घडीची खुर्ची टाकून बसतो! शेजारी विचारतात, "का हो वेंडेल, तुमची नाही आणली?" म्हटलं, वेडबिड लागलंय का? इथे गाड्या फिरतायत, धक्का लागेल! वर उन्हाची भीती, रंग विटेल. थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात त्याची भीती, बुटाला लागून गॅरेजात येईल म्हणून मी बूट बाहेर काढून मोज्यांवर आत जातो. उंदरांची भीती तर विचारूच नका... पुदिन्याच्या तेलात बुडवलेले कापसाचे बोळे सीटखाली, डांबराच्या गोळ्या डिकीत! बर्नाडीन म्हणते, "माझ्या लोकरीच्या कोटाची एवढी काळजी केली असतीस तर!" मी भित्रा नाही, तुम्हाला सांगतो, पण उंदीर काय भाव विचारून कुरतडतो का?

यंदा वसंतात मात्र योग आला. तळ्याकाठचं अगदी तिच्या मनातलं घर विकायला निघालं. धक्क्यासकट! घरमालक म्हातारा म्हणाला, जूनअखेरपर्यंत थांबतो, पुढे नाही. आणि इकडे टेक्ससचं एक गिऱ्हाईक तयार झालं, एक लाख चाळीस हजार डॉलर! अट एकच, त्याचा माणूस येऊन इंजिन तपासणार. या गाड्यांचं असं असतं, इंजिनाच्या पुढच्या कडेला दोन बोटं रुंद पट्टी असते, तिच्यावर कारखान्यात ठोकलेला नंबर. तो गाडीच्या नंबराशी जुळला की इंजिन जन्माचं, आणि नाही जुळला की निम्मे पैसे गेले. आता आपला नंबर जुळतोय, मला पाठ आहे, मग भ्यायचं कशाला? पण तपासणारा माणूस येणार म्हटल्यावर राहवतंय कुठे हो! आदल्या दिवशी बॉनेट उघडून बघतो, तर त्या पट्टीवर पन्नास वर्षांचं काळं तेल, धूळ, चार गंजाचे ठिपके... म्हटलं, त्या माणसाला आकडा नीट दिसला नाही तर? आठाचा तीन वाचला तर? बर्नाडीनचा धक्का गेला तर?

कारखान्यात एकतीस वर्षं माझं काम काय? सुटे भाग घासून-पुसून लख्ख करून पुढे पाठवायचे! हाताला तेच ठाऊक. घेतला पॉलिश पेपर आणि घासली पट्टी. अशी चकाकली म्हणता, तोंड बघावं तिच्यात! बर्नाडीनलाही बोलावून दाखवली. ती म्हणाली, "छान," आणि तळ्याकाठच्या घराचे पडदे मापायला गेली.

दुसऱ्या दिवशी तो आला. ट्रुअॅक्स नावाचा, काटकुळा, बोलणं कमी. खिशातून टॉर्च काढला, भिंग काढलं, वाकला... आणि वाकलेलाच राहिला! लायल मागे कुजबुजतोय, "दाजी, बघतोच आहे की हो!" बऱ्याच वेळानं तो सरळ झाला आणि म्हणाला, "हे कुणी घासलं?"

मी म्हटलं, "मीच!" अहो, छाती काढून म्हटलं!

तो म्हणाला, "कारखान्यात या पट्टीवर बारीक रेघा उमटतात, केसासारख्या. नंबर कुणीही ठोकेल, पण त्या रेघा कुणाला आणता येत नाहीत. खोटं करणारे आधी जुना नंबर घासून काढतात आणि मग नवा ठोकतात. तुमची पट्टी अगदी तशीच दिसतेय."

"अहो, पण नंबर खरा आहे!"

"असेल. मी ते लिहून देऊ शकत नाही."

संपलं सगळं, खरं सांगतो. गाडीचं नाही हो वाईट वाटलं... पलीकडे बर्नाडीन पडद्यांचा कागद हातात धरून उभी होती. तिच्याकडे बघायचं धैर्य होईना. मी भित्रा नाही, तुम्हाला सांगतो, पण त्या क्षणी मला गाडीखाली जाऊन झोपावंसं वाटलं!

तेवढ्यात लायलला सुचलं, "थांबा! गाडी बनवताना कामगार सगळा तपशील लिहिलेला कागद मागच्या सीटच्या स्प्रिंगांत खोचून ठेवायचे! तो सापडला तर?" ट्रुअॅक्सनं मान हलवली, म्हणाला, "कागद असेल तर विचार करू." मग काय, देवाचं नाव घेत उपसलं सीट. कागद होता हो! होता! पण त्याचे एवढे-एवढे तुकडे करून उंदरांनी घरटं केलं होतं, आणि घरट्यात गादी म्हणून काय होतं माहितीय? माझे पुदिन्याचे कापसाचे बोळे! आत पाच गुलाबी पिल्लं, सुगंधी! ट्रुअॅक्सनं त्यांचा फोटो काढला. कशाला, देव जाणे.

गिऱ्हाइकानं फोनवर सत्तर हजार सांगितले, आणि घराला लागणार होते याच्या जवळपास दुप्पट. लायल म्हणाला, "विकू नका दाजी, अजून दहा वर्षं..." बर्नाडीन म्हणाली, "लायल, घरी जा." आणि तो गेला! पहिल्यांदाच, बिअर अर्धी टाकून. मी तिला म्हटलं, "बर्नाडीन, चुकलं माझं." ती ट्रुअॅक्सकडे वळली, "आता ही चालवली तर भाव अजून उतरेल?" तो म्हणाला, "बाईसाहेब, आता उतरायचं फारसं राहिलं नाही."

ती आत गेली. आली ती शीतपेटी घेऊन, आत किलबासा सॉसेज, लोणच्याच्या काकड्या. रजई ओढली, फ्लॅनेल ओढलं, खोळ ओढली, किल्ली मागितली. म्हटलं, "अगं, मी चालवतो," तर म्हणाली, "तू? नऊ मैल?" एका दमात गाडी मागे घेतली हो तिनं, आरशात न बघता! मला काय ठाऊक, सतराव्या वर्षी ही चुलतभावाच्या असल्याच गाडीवर शर्यती जिंकायची? बेचाळीस वर्षांत एक शब्द नाही बोलली!

ते तळ्याकाठचं घर दुसऱ्यानं घेतलं. तर आता दर शुक्रवारी आम्ही साडेतीन तासांवरच्या सरकारी तळ्यावर जातो, तंबू ठोकतो. साडेतीन तास लोकांना, ही अडीचात पोचवते. जुन्या गाडीला पट्टा कमरेपुरताच, मी दोन्ही हातांनी सीट धरून, पाय पुढच्या पत्र्यात रुतवून, डोळे मिटून बसलेला... आणि ही एक हात खिडकीबाहेर टाकून मला म्हणते, "अरे वेंडेल, अकरा वर्षं झाली, आता तरी भ्यायचं सोड! या गाडीला काही होत नाही!"

म्हटलं, गाडीचं कोण विचारतंय बाई?