निकालानंतरचा फोन

सलीमचं सांगतो तुम्हाला. बोटीवर तो डेकवर असायचा, मी इंजिनरूममध्ये. निवृत्तीनंतर तो नांदगावला गेला, मी इथे द्वारकेजवळ. पुढे आमच्या पेन्शन फंडावर कंपनीनं हक्क सांगितला आणि प्रकरण कोर्टात अडकलं. तेव्हापासून दर मंगळवारी सलीमचा फोन यायचा.

"काही कळलं का रे?"

"पुढची तारीख पडली."

मग आम्ही कंपनीला मनसोक्त शिव्या घालायचो. आठवडाभरात माझ्या घरात तेवढंच काय ते बोलणं.

मागच्या महिन्यात निकाल आमच्या बाजूनं लागला. पेन्शन सुरू झाली. तरी मंगळवारी फोन वाजला.

"तुझी जमा झाली?"

"झाली. तुझी?"

"माझीबी."

आता कंपनीला शिव्या घालायचंही कारण उरलं नव्हतं. मी म्हटलं, "बरं, ठेवतो मग."

"थांब ना," तो घाईघाईनं म्हणाला. "जेवला का तू?"

बायको गेल्यापासून हे मला कोणी विचारलं नव्हतं. म्हटलं, "नाही रे. एकट्यासाठी काय रांधायचं?"

"माझंबी तसंच हाय." मागे भांड्यांचा आवाज आला. "फोन चालू ठेव. मी कुकर लावतो, तूबी लाव."

दोन्हीकडच्या शिट्ट्या होईपर्यंत आम्ही फोन ठेवला नाही.